कपॅसिटर किती मोठा, यापेक्षा ईएससीपासून किती लांब

प्रश्न थोडक्यात असा: पाच इंची प्रोपेलरचा क्वाड (चार मोटरचा ड्रोन), ६एस बॅटरी (सहा सेल एकामागून एक जोडलेली), फोर-इन-वन ईएससी, म्हणजे चारही मोटरचा वेग सांभाळणारा एकच बोर्ड. ईएससीच्या खोक्यात ३५ व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आलेला आहे. तोच लावावा, १००० चा घ्यावा, की थेट २२०० चा लावून निर्धास्त व्हावं? ५० व्होल्टचा घेतला तर जास्त सुरक्षित का? आणि फ्रेममध्ये ईएससीपाशी जागा नाही, म्हणून वायर जोडून तो मागे एक्सटी६०च्या (बॅटरीच्या कनेक्टरच्या) शेजारी बसवला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीच्यांचा निकाल त्यावरच लागतो. नाही चालणार. क्वाड उडेल, कदाचित बरेच महिने व्यवस्थित उडेल, पण ज्या कामासाठी कपॅसिटर लावायचा ते काम तो तिथे बसून करू शकत नाही. तुमच्या बिल्डला मी हे लावेन: नावाजलेल्या कंपनीच्या लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेल्या) मालिकेतला, १०५ अंशांचा, ३५ व्होल्ट १००० मायक्रोफॅरडचा एक ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक, थेट ईएससीच्या बॅटरी पॅडवर (जिथे बॅटरीची वायर सोल्डर होते तिथे), पाय शक्यतो एक सेंटीमीटरच्या आत. आता यामागचा हिशेब मांडतो. तो एकदा समजला की पुढच्या बिल्डचा कपॅसिटर तुमचा तुम्हीच ठरवू शकाल.

ईएससी मोटरला सलग करंट देत नाही. त्यातले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला २४ हजार, ४८ हजार, काही सेटिंगमध्ये ९६ हजार वेळा उघडझाप करतात. थ्रॉटल मधोमध असताना बॅटरीच्या बाजूने पाहिलं तर करंट काही मायक्रोसेकंद वाहतो, काही मायक्रोसेकंद थांबतो. मधली वायर दिसायला नुसती तांब्याची असली तरी तिला इंडक्टन्स आहे, आणि वाहता करंट अचानक तोडलेला इंडक्टन्सला चालत नाही. नळ फटकन बंद केला की पाइपात धडक बसते, तसाच प्रकार. इथे ती धडक व्होल्टेजच्या रूपात बसते आणि समोर मॉसफेट उभा असतो.

आकडे घालून पाहू. बॅटरीची वायर आणि क्वाडची पिगटेल (ईएससीपासून एक्सटी६०पर्यंतची वायर) मिळून जाऊन-येऊन साधारण २०० नॅनोहेन्री धरा. ३० अँपियरचा करंट १०० नॅनोसेकंदांत तुटला तर इंडक्टन्स गुणिले करंटमधला बदल भागिले वेळ, म्हणजे ६० व्होल्ट. हे बॅटरीच्या २५ व्होल्टच्या वर. अशा ईएससीवर मॉसफेट सहसा ३० किंवा ४० व्होल्टचे असतात. प्रत्यक्षात ६० व्होल्ट दिसत नाहीत, कारण ईएससीच्या बोर्डावर मॉसफेटना चिकटून छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात आणि पहिला घाव ते झेलतात. पण त्यांचा साठा तुटपुंजा. त्यात सिरॅमिकची एक खोड अशी की त्यावर व्होल्टेज चढलं की त्याची धारकता, म्हणजे मायक्रोफॅरडचा आकडा, उतरते. अंगावर १० मायक्रोफॅरड लिहिलेला तुकडा २५ व्होल्टवर पुष्कळदा निम्म्याहूनही कमी उरतो. म्हणून त्यांच्या पाठीशी मोठा इलेक्ट्रोलिटिक हवा. सिरॅमिकने पहिले काही नॅनोसेकंद सांभाळायचे, इलेक्ट्रोलिटिकने पुढचे मायक्रोसेकंद, आणि त्यानंतर बॅटरीने. प्रत्येकाने आपल्या जागी असलं पाहिजे, नाहीतर मध्ये भोक पडतं.

आता कपॅसिटरच्या पायांचं पाहू. सुट्या तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटीमीटरला १० नॅनोहेन्री. २० अँपियरचा करंट १०० नॅनोसेकंदांत कपॅसिटरकडे वळायचा असेल तर प्रत्येक सेंटीमीटर पायावर २ व्होल्ट पडतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर तार ठेवली तर ६ सेंटीमीटर, म्हणजे १२ व्होल्ट. सिरॅमिकमुळे प्रत्यक्षात करंटचे बदल याहून सौम्य होतात आणि आकडे खाली येतात, पण प्रमाण तेच राहतं: तार दुप्पट की त्रास दुप्पट. आता एक्सटी६०च्या शेजारचा कपॅसिटर आठवा. ईएससी आणि कपॅसिटर यांच्यामध्ये सात-आठ सेंटीमीटर पिगटेल जाताना आणि तेवढीच येताना, वर त्याची स्वतःची जोडलेली वायर. कपॅसिटर उत्तम आहे, पण ईएससीला तो फार उशिरा भेटतो. फ्लाइट कंट्रोलरच्या (उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डाच्या) बॅटरी पॅडवर लावलेल्या मोठ्या कपॅसिटरचीही हीच गत. तिथवर करंट दोन बोर्ड जोडणाऱ्या हार्नेसच्या केसाएवढ्या तारांतून येतो. फ्लाइट कंट्रोलरच्या रेग्युलेटरला त्याचा थोडा उपयोग होतो, ईएससीला जवळजवळ शून्य.

आता ४७०, १००० की २२००. इथे बहुतेक जण मायक्रोफॅरडच्या मागे लागतात आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रोध, बघायचा राहून जातो. पुन्हा तेच २० अँपियर घेऊ. ४८ किलोहर्ट्झला एक चक्र सुमारे २१ मायक्रोसेकंदांचं, त्यातले १० मायक्रोसेकंद कपॅसिटरने एकट्याने करंट पुरवला असं धरू. १००० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज तेवढ्यात ०.२ व्होल्टने उतरेल. २२०० चं ०.०९ ने, ४७० चं ०.४३ ने. आता ईएसआर बघा. चांगल्या लो-ईएसआर १००० मायक्रोफॅरडचा रोध २० मिलीओहमच्या आसपास असतो, म्हणजे २० अँपियरला ०.४ व्होल्ट. साध्या, सर्वसाधारण कामाच्या कपॅसिटरचा तोच रोध १०० मिलीओहम निघाला, तर २ व्होल्ट. म्हणजे १००० वरून २२०० वर जाऊन तुम्ही वाचवले ०.१ व्होल्ट, आणि ईएसआर न बघता उचललेल्या कपॅसिटरने घालवले १.६ व्होल्ट. शिवाय हा रोध तापतो. रिपल करंटच्या (कपॅसिटरमधून सतत ये-जा करणाऱ्या करंटच्या) वर्गाला ईएसआरने गुणलं की आत किती वॉट उष्णता होते ते मिळतं, आणि डेटाशीटमधला रिपल करंटचा आकडा त्याच मर्यादेवरून येतो. चांगल्या ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १०० किलोहर्ट्झवर दोन-तीन अँपियर मिळतात. तापणाऱ्या इलेक्ट्रोलिटिकमधला द्रव हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे.

२२०० विरुद्ध माझं आणखी एक म्हणणं आहे. तो जाड असतो, म्हणून ईएससीपाशी मावत नाही, म्हणून लांब जातो, म्हणून निरुपयोगी ठरतो. पाच इंची फ्रेममध्ये जो कपॅसिटर जवळ बसतो तोच बरोबर माप. १००० मावत नसेल तर दोन ४७० समांतर लावा, एक पॅडच्या डावीकडे, एक उजवीकडे. समांतर जोडले की मायक्रोफॅरडची बेरीज होते, ईएसआर विभागला जातो आणि पायांचा इंडक्टन्सही विभागला जातो. अरुंद फ्रेममध्ये मला ही मांडणी एका जाड कपॅसिटरपेक्षा जास्त आवडते. दोन वेगळ्या मापांचे समांतर लावले तरी हरकत नाही, फक्त प्रत्येकाचं व्होल्टेज रेटिंग पुरेसं हवं.

इतर बिल्डसाठी ढोबळ मापं: तीन इंची ४एस ला २२० ते ४७० पुरतात. पाच इंची ४एस ला ४७० ते १०००. सात इंची लांब पल्ल्याच्या ६एस ला १००० किंवा दोन ४७०. फ्रेमच्या प्रत्येक हातावर वेगळा ईएससी असेल तर मधल्या एका मोठ्या कपॅसिटरपेक्षा प्रत्येक ईएससीवर २२० ते ३३० चा एकेक लावणं कधीही चांगलं, कारण तिथे हातातून जाणारी तारच लांब असते.

व्होल्टेजकडे येतो. ६एस पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट, एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) सेल ४.३५ पर्यंत भरल्या तर २६.१. म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर ६एस वर कधीच नको. ४एस चे १६.८ असतात, तिथे २५ चालतो. ६एस ला ३५ हा किमान आणि बहुतेकांसाठी पुरेसा आकडा. ३५ व्होल्टच्या इलेक्ट्रोलिटिकला क्षणिक सर्ज साधारण १.१५ पट, म्हणजे ४० च्या आसपास झेलता येतो, पण ती सवलत अधूनमधून वापरायची आहे, दर सेकंदाला नाही.

५० व्होल्टचा जास्त सुरक्षित का? कपॅसिटर स्वतः जास्त सुरक्षित, हो. ईएससी जास्त सुरक्षित होईलच असं नाही. त्याच आकाराच्या डब्यात ५० व्होल्ट मागितले की मायक्रोफॅरड जवळपास निम्म्यावर येतात. आणि ५० व्होल्टचे १००० मायक्रोफॅरड घेतले तर डबा बराच मोठा होतो, म्हणजे पुन्हा जागेची अडचण आणि पुन्हा लांब तारा. जड बेलच्या (बाहेरच्या फिरत्या कवचाच्या) मोटर, आक्रमक उड्डाण, थ्रॉटलचे झटके असा प्रकार असेल आणि ५० व्होल्टचा ५०० ते ७०० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर तुकडा पॅडपाशी नीट बसत असेल, तर जरूर घ्या, चांगली निवड आहे. फक्त तो घेण्यासाठी पाय लांबवू नका.

थ्रॉटलच्या झटक्यांचा विषय निघालाच आहे तर ब्रेकिंगबद्दल सांगायला हवं, कारण याबद्दल गैरसमज खूप आहे. आजचे ईएससी थ्रॉटल कमी केला की मोटरला सक्रिय ब्रेक लावतात. त्या क्षणी मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा उलट बॅटरीकडे ढकलते. "ही ऊर्जा साठवायला मोठा कपॅसिटर" असं पुष्कळदा ऐकू येतं. हिशेब करून बघा: पाच इंची प्रोपेलर आणि बेल पूर्ण वेगात असताना त्यांच्यात ढोबळमानाने दहा-वीस ज्यूल ऊर्जा असते, एका मोटरमागे. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५.२ वरून ३० व्होल्टला नेला तर त्यात मावतात ०.१३ ज्यूल. बराचसा वाटा हवेच्या रोधात आणि वाइंडिंगच्या उष्णतेत जातो हे मान्य, तरी उरलेलं साठवणं कपॅसिटरच्या आवाक्याबाहेर आहे. ते बॅटरीच घेते. कपॅसिटर फक्त कडा गोल करतो.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, ढिला झालेला एक्सटी६० किंवा बॅटरीच्या वायरचा खराब झालेला सोल्डरचा डाग हा ईएससीचा मोठा शत्रू आहे. ब्रेकिंगच्या क्षणी बॅटरीचा संपर्क सुटला तर त्या ऊर्जेला जायला जागाच राहत नाही. दुसरी, टेबलावरच्या पॉवर सप्लायवर मोटर जोरात फिरवून थ्रॉटल झटक्यात सोडू नका. साधा पॉवर सप्लाय करंट देतो, परत घेत नाही. पुरवठ्याच्या लाइनचं व्होल्टेज तिथे उसळतं आणि चांगला ईएससी टेबलावरच जातो. मोटर जोरात फिरवायची चाचणी खऱ्या बॅटरीवर करा.

टीव्हीएस डायोडही (उसळलेलं व्होल्टेज दाबणारा डायोड) लावावा का, असं विचारलं जातं. ६एस ला मी लावतो, कपॅसिटरच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. एसएमबीजे२८ए हा सोयीचा तुकडा: २८ व्होल्टपर्यंत गप्प राहतो, ३१ च्या पुढे वाहू लागतो. मात्र मोठ्या करंटला त्याच्यावरचं व्होल्टेज ४५ पर्यंत चढतं, म्हणून तो मॉसफेटचा पूर्ण विमा नाही. एकदिश प्रकारात पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हला. उलटा लावलात तर बॅटरी जोडताक्षणी शॉर्ट.

कपॅसिटरचे इतर प्रकार. टँटलम बॅटरीच्या मुख्य लाइनवर अजिबात नको. प्लग लावतानाच्या करंटच्या लाटेने तो शॉर्ट होतो आणि शॉर्ट झालेला टँटलम पेट घेतो. फक्त सिरॅमिकचा ढीग लावण्यातही धोका आहे. बॅटरीच्या तारेचा इंडक्टन्स आणि ईएसआर नसलेला सिरॅमिक यांची जोडी घंटेसारखी वाजते, आणि प्लग लावताक्षणी व्होल्टेज बॅटरीच्या जवळजवळ दुपटीपर्यंत उसळू शकतं. इलेक्ट्रोलिटिकचा थोडासा ईएसआर इथे उपकारक ठरतो, तो हे वाजणं शमवतो. पॉलिमर आणि हायब्रिड प्रकार चांगले आहेत, कमी उंचीत कमी ईएसआर देतात, थंडीतही बिघडत नाहीत. साध्या इलेक्ट्रोलिटिकमधला द्रव कडक थंडीत दाटतो आणि ईएसआर वाढतो. मात्र पॉलिमरच्या व्होल्टेज मर्यादेशी खेळू नका.

मालिकांची नावं हवी असतील तर पॅनासॉनिकची एफएम आणि एफआर, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई. या सगळ्या कमी रोधाच्या मालिका आहेत आणि डेटाशीटमध्ये १०० किलोहर्ट्झचा इंपिडन्स स्पष्ट लिहिलेला असतो. हा आकडाच न सापडणारा कपॅसिटर मुख्य लाइनवर लावू नका. खोक्यात आलेल्या कपॅसिटरवर ओळखीचं नाव आणि मालिका असेल तर तो वापरण्यात गैर काही नाही. नुसतं "३५ व्होल्ट ४७०" आणि अनोळखी शिक्का असेल तर मी तो एलसीआर मीटरवर (धारकता आणि ईएसआर मोजणाऱ्या यंत्रावर) १०० किलोहर्ट्झला मोजल्याशिवाय लावत नाही. मायक्रोफॅरडमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, ते छापील टॉलरन्समध्येच बसतं. ईएसआर १०० मिलीओहमच्या वर दिसला की बाजूला ठेवा. नकली मालही भरपूर फिरतो. आवरण फाडून बघितलं तर आत छोटा डबा निघतो, असले प्रकार आहेत, म्हणून विक्रेता अधिकृत असलेला बरा.

बसवण्याचं काम आता टप्प्याटप्प्याने. आधी सोल्डरिंग आयर्न हातात न घेता कपॅसिटर फ्रेममध्ये धरून बघा. वरच्या प्लेटला लागतो का, बॅटरीचा पट्टा त्यावर दाबतो का, प्रोपेलरच्या फेऱ्यात येतो का, रिसीव्हरच्या अँटेनाला चिकटतो का. माझी आवडती जागा म्हणजे ईएससीच्या मागच्या कडेला, दोन मागच्या स्टँडऑफच्या (फ्रेमच्या खांबांच्या) मध्ये आडवा झोपलेला कपॅसिटर, पाय थेट पॅडकडे. डब्याच्या माथ्यावर अधिक चिन्हासारख्या किंवा के आकाराच्या खाचा असतात. आत दाब वाढला तर तिथून तो फाटून वाफ सोडतो. ती बाजू कशावरही दाबून बसवू नका आणि तिच्यावर गोंद लावू नका.

डब्याचं धातूचं अंग निगेटिव्हपासून वेगळं केलेलं नसतं. आतल्या द्रवातून त्याचा निगेटिव्हशी संबंध असतो, आणि वरचं छापील प्लॅस्टिक हे इन्सुलेशन म्हणून धरायचं नाही. कार्बन फायबर वीज वाहून नेतं आणि त्याची कापलेली कड त्या प्लॅस्टिकला सहज चिरते. म्हणून कपॅसिटरवर जाड हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा, पण माथा उघडा ठेवून.

पाय वाकवताना पक्कड बुडाच्या रबरी बुचापासून दोन-तीन मिलिमीटरवर पायाला पकडा आणि पाय पकडीच्या पुढे वाकवा. पाय बुचातूनच पिळला तर आतला जोड सैल होतो आणि द्रवाला बाहेर यायला वाट मिळते. बाहेरून काही दिसत नाही, पण काही आठवड्यांत तो कपॅसिटर कोरडा पडतो. आखूड करण्याआधी पोलॅरिटी बघून ठेवा. लांब पाय पॉझिटिव्ह असतो, पण कापल्यावर ती खूण जाते आणि डब्यावरचा निगेटिव्हचा पट्टा तेवढा उरतो. त्यावरही हीट श्रिंक चढणार असेल तर निगेटिव्हच्या बाजूला पेनने रेघ ओढा. सपाट बोर्डावर बसणाऱ्या डब्यांत काळा भाग निगेटिव्ह असतो.

डाग देताना ईएससीचा ग्राउंड पॅड हीच खरी परीक्षा. त्याच्याखाली तांब्याचं मोठं क्षेत्र असतं आणि ते उष्णता शोषून घेतं. बारीक टोकाचं आयर्न तिथे हरतं: वरचं कथील वितळलेलं दिसतं, खाली पॅडला चिकटलेलंच नसतं. रुंद छिन्नी टोक, ६० वॉट किंवा जास्त, ३८० ते ४०० अंश, भरपूर फ्लक्स, आणि ६३/३७ चं सोल्डर. आधी पॅडवर कथलाचा गुबगुबीत थर द्या, पायांना वेगळा थर द्या, एक्सटी६०च्या वायरलाही द्या. मग पाय पॅडवर ठेवून, त्याच्यावर जाड वायर ठेवून दोन्ही एकाच वेळी बसवा. पाय खाली आणि वायर वर, म्हणजे पाय तांब्याला चिकटून राहतो आणि पुढे कधी बॅटरीची वायर बदलायची झाली तरी काम सोपं जातं. चार-पाच सेकंदांत बसलं नाही तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा फ्लक्स लावा. उष्णता पायातून सरळ रबरी बुचात जाते. चांगला डाग चकाकतो आणि कडेला पॅडवर पातळ पसरलेला दिसतो. गोळ्यासारखा उभा राहिलेला डाग संशयास्पद.

खरोखरच जागा नसेल तर तीन सेंटीमीटरपर्यंत वायर जोडता येईल, पण १८ किंवा २० गेजची, आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या. जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी असला की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि इंडक्टन्स बराच उतरतो. दोन तारा फाकवून नेल्या तर तीच लांबी कितीतरी जास्त छळते. अशा वेळी एक छोटा १०० किंवा २२० चा, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर तरी पॅडवर थेट बसवा, आणि मोठा वायरवर.

डबा नुसत्या पायांवर लोंबकळत ठेवू नका. मोटरची कंपनं सतत चालू असतात आणि चार-पाच ग्रॅमचा डबा प्रत्येक धडकेत पायांना मुरडतो. पाय बुचाशी तुटतो, आणि तुटलेला पाय कार्बनवर टेकला तर पुढचं सांगायला नको. झिप टायने स्टँडऑफला बांधा, खाली फोमची दुहेरी टेप द्या. गरम गोंद ईएससीपाशी मऊ पडतो, त्यापेक्षा न्यूट्रल क्युअर सिलिकॉन चांगलं. आंबट वास येणारं सिलिकॉन मात्र नको, त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांब्याला खातं.

बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवा, लाल टोक पॉझिटिव्ह पॅडला, काळं निगेटिव्हला. कपॅसिटर ठीक असेल तर क्षणभर बीप येईल आणि थांबेल, मग आकडा वर चढत जाईल. ते चढणं म्हणजे मीटरच्या करंटने कपॅसिटर भरतो आहे. बीप थांबतच नसेल तर शॉर्ट आहे, बॅटरीला हात लावू नका. मग स्मोक स्टॉपर (शॉर्ट असल्यास करंट रोखणारं साधन) लावून पहिली बॅटरी जोडा. बल्बचा असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. तो उजळच राहिला तर लगेच काढा. काही इलेक्ट्रॉनिक स्मोक स्टॉपर मोठा कपॅसिटर भरतानाच ट्रिप होतात, अशा वेळी पुन्हा एकदा लावून बघायचं. थेट बॅटरीला एक्सटी६० जोडताना ठिणगी उडते ती याच भरण्याची, ६एस वर त्याची काळजी नको. ८एस किंवा १२एस च्या मोठ्या यंत्रांना मात्र आत रोधक असलेला अँटी-स्पार्क एक्सटी९० वापरा, नाहीतर कनेक्टरच्या पिना जळून खडबडीत होतात.

फरक पडला का, हे कसं कळणार? ॲनालॉग व्हिडिओ असेल तर थ्रॉटलबरोबर सरकणाऱ्या आडव्या रेघा कमी होतात. पूर्ण गेल्या नाहीत तर व्हिडिओ ट्रान्समीटर आणि कॅमेऱ्याचा ग्राउंड एकाच ठिकाणाहून घेतलाय का ते बघा. ग्राउंडच्या चुकीच्या मार्गाला कपॅसिटर हे औषध नाही. आणखी एक, ट्रान्समीटर थेट बॅटरी लाइनवर असेल तर ईएससीच्या स्पाइक त्यालाही खाव्या लागतात. फ्लाइट कंट्रोलरवर ९ किंवा १० व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर त्यावरून द्या. डिजिटल सिस्टिमवर रेघा दिसत नाहीत म्हणून गोंगाट नाही असं समजू नका. तो जायरोच्या (क्वाडचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) वीजपुरवठ्यात शिरतो आणि ब्लॅकबॉक्सच्या (उड्डाणाच्या नोंदीच्या) आलेखात, मोटरच्या फिरण्याशी संबंध न लागणारा, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला थर म्हणून दिसतो. फिल्टर वाढवण्याआधी कपॅसिटर आणि त्याचे डाग तपासा.

ऑसिलोस्कोप असेल तर थेट ईएससी पॅडवर मोजा, पण प्रोबची मगरीसारखी लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंगचं आखूड ग्राउंड लावा. त्या लांब वायरचाच फास स्पाइक तयार करतो आणि नसलेले २० व्होल्ट दाखवतो.

प्रत्येक मोठ्या धडकेनंतर कपॅसिटर हाताने हलवून बघा. डबा पायांवर सैल हलतोय, माथा फुगलाय, बुडाशी ओलसर तपकिरी डाग आहे, अंग चेपलंय, यांपैकी काहीही दिसलं तर बदला. चेपलेला डबा आतला कागद फाटल्यावरही काही उड्डाणं काम करतो आणि मग भर हवेत शॉर्ट होतो. काढताना बॅटरी सोडवून थोडं थांबा, ईएससी तो स्वतःच रिकामा करतो. पण पाय तुटून सुटा झालेला कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो. त्याच्या पायांवर काही सेकंद १०० ओहमचा रोधक धरा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच त्याला हात लावा.